पॅच अडकलाय? आधी पॅचवर्क बघा

लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नेटवर्किंग विभागात ईमेलने पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला आणि उत्तर आलं नाही, तर लगेच ‘काय झालं?’ विचारू नका. पॅचवर्कमध्ये, म्हणजे आलेल्या पॅचेसची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर, स्थिती बघा. ‘न्यू’ किंवा ‘अंडर रिव्ह्यू’ असेल तर थांबा. ‘चेंजेस रिक्वेस्टेड’ (बदल हवेत) दिसलं तर मात्र थांबून काहीच होणार नाही. मेंटेनरच्या, म्हणजे तो विभाग सांभाळणाऱ्याच्या, रांगेतून पॅच केव्हाच बाहेर पडलेला असतो. दुरुस्ती करून, ईमेलच्या विषयात ‘व्ही2’ (दुसरी आवृत्ती) घालून पॅचेसची सगळी मालिका पुन्हा पाठवा. पण 24 तासांच्या आत नको, इतरांनाही वाचू द्या की!

स्वतःलाच चूक सापडली? आपल्या पॅचला उत्तर देताना वेगळ्या ओळीत ‘पीडब्ल्यू-बॉट: चेंजेस-रिक्वेस्टेड’ लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ही ओळ वाचून बॉट, म्हणजे एक स्वयंचलित प्रोग्राम, पॅचवर्कमधली स्थिती बदलतो. ज्या पत्त्यावरून पॅच पाठवला तोच वापरा, नाहीतर बॉट ऐकत नाही.