जुन्या दुनळीत स्टीलचे छर्रे
इंग्लंडमध्ये १९९९ पासून रानबदकांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टीलसारखे दुसरे वापरावे लागतात. म्हणून सासऱ्यांची दुनळी आधी गनस्मिथकडे नेली. चोक म्हणजे नळी तोंडाशी किती निमुळती आहे ते: उजवी नळी पाव चोक, डावी फुल, म्हणजे सगळ्यात घट्ट. स्टील शिशासारखं दबत नाही. अर्ध्यापेक्षा घट्ट चोकमध्ये नळी तोंडाशी फुगू शकते. त्यानं डावा चोक आतून घासून अर्ध्यावर आणला.

मग चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीच्या मागची जागा. काडतुसावरचे ७० मिलिमीटर ही उडाल्यानंतरची लांबी, त्यामुळे ६५ च्या चेंबरमध्येही ते अलगद बसतं आणि तिथंच घात होतो, उडताना तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो! नायट्रो प्रूफ (धूरविरहित दारूसाठी तपासल्याचा ठसा) आहे पण फ्लर-द-लीचा, म्हणजे जास्त दाबाच्या स्टीलसाठी तपासल्याचा फुलाच्या आकाराचा ठसा नाही, तर फक्त कमी दाबाची ‘स्टँडर्ड स्टील’ काडतुसं घ्या. दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या नळीत मुळीच नको. छर्रा शिशाच्यापेक्षा दोन आकारांनी मोठा, अंतर ३५ यार्डांच्या आत. चष्मा हवाच, स्टील दगडावरून उसळतं.