टोकियोच्या गिंझा भागात सुशी खायला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक जेवायला बसायच्या आधीच होते, बुकिंग करताना. "व्हेज आहोत हे तिथे गेल्यावर सांगू." टोकियोत येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडून हे इतकं ऐकलंय, की आता बुकिंगआधी मीच उलटतपासणी घेतो.

ओळखीतल्या एका काका-काकूंनी गिंझातलं सुशी काउंटर, म्हणजे शेफसमोर बसून खायची जागा, परस्पर बुक केलं आणि सोबतीला मला नेलं. मोजक्या खुर्च्या, सगळ्यांचं जेवण एकदमच सुरू. तिथे ओमाकासे असतं, म्हणजे काय वाढायचं ते शेफ ठरवणार. त्याचा माल सकाळीच तोयोसुच्या मासळी बाजारातून आलेला. पहिला घास समोर आला आणि काकू कुजबुजल्या, "अरे, मी मासे खात नाही, सांग ना त्याला!" मग सूप चालेल का? त्याच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्शात, कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचा कीस. अंडं चालतं म्हणाल्या, तर आमलेटमध्ये कोळंबी वाटून घातलेली. शेवटी काकडीचे रोल आणि आल्याचं लोणचं. बिल अर्थातच पूर्ण.

शाकाहारी असाल तर सुशी काउंटरचा हट्ट सोडा. शोजिन ऱ्योरी, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, गाठा. तिथली दाशी कोम्बु या समुद्री शेवाळाची आणि शिताके मश्रूमची. कांदा-लसूण नसतो, पण कंदमुळं आणि मश्रूम असतात, तेव्हा जैन मंडळींनी तेही आधीच विचारावं.

दुसरा माझा राग फोटोवाल्यांवर. निगिरी म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाची चकती. तिचा भात अंगाइतका कोमट असतानाच ती खायची असते. शेफ हातातून काढून समोर ठेवतो आणि हे पाच अँगल शोधतात! विचारून एक फोटो काढा आणि तोंडात टाका. हाताने खाल्लेलं चालतं, आपल्याला तर उत्तमच. बहुतेक वेळा वरून सॉसचा हात फिरवलेलाच असतो, त्यामुळे पुन्हा सोया सॉसमध्ये बुचकळू नका. सोयाच्या वाटीत वासाबी, म्हणजे ती झणझणीत हिरवी चटणी, कालवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

अत्तर लावून जाऊ नका, शेजाऱ्याला माशाचा वासच येत नाही. चॉपस्टिकने दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. अंत्यविधीत अस्थी तशा उचलतात. टिप नको. उशीर तर नकोच, आणि ऐनवेळी रद्द केलंत तर बऱ्याच ठिकाणी पूर्ण पैसे कापतात. बसण्याआधी घड्याळ, कडी उतरवा. काउंटर बहुधा हिनोकी या जपानी झाडाच्या मऊ लाकडाचं असतं, चटकन ओरखडा उठतो.