रातांब्याचा प्रकल्प: आपल्या भागातलं पीक आणि कला लोकांसमोर कशी मांडावी

आपल्या भागासाठी काहीतरी करावं असं सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कितीतरी मुलामुलींच्या मनात असतं. विषय मात्र बहुतेक वेळा 'आपलं कोकण' एवढा मोठा निघतो. मग समुद्र, हापूस, किल्ले, दशावतार, सोलकढी सगळं एकाच तक्त्यावर चिकटवलं जातं आणि बघणाऱ्याच्या हाती नवं काही लागत नाही. माझं आग्रहाचं सांगणं असं की एकच वस्तू धरा आणि तिच्या मुळाशी जा. इथे मी रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, घेतला आहे. काजू, फणस, जांभूळ किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी घेतलीत तरी वाट हीच.

रातांबाच का, तर या फळातलं जवळजवळ काहीच वाया जात नाही. सालीची आमसुलं होतात, मिठातल्या रसाचं आगळ होतं, साखरेत मुरवलं की अमृत कोकम, आणि बियांपासून मुठेल, म्हणजे भेगाळलेल्या टाचांना लावायचं घट्ट तेल. 'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' या नावाने त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरीही हापूसच्या मानाने त्याच्याबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. माहिती सगळी आहे, पण ती परसात राबणाऱ्या बायकांच्या हातात आहे. तुमचं काम ती कागदावर आणायचं.

१. हंगाम बघून वेळापत्रक आखा

रातांबे साधारण एप्रिलपासून पिकायला लागतात आणि मेअखेर-जूनपर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत, सगळी धावपळ चालते. पाऊस लवकर आला तर वाळत घातलेला माल भिजतो आणि झाडावरचं फळही हातचं जातं. म्हणून परीक्षा संपली की लगेच सुरुवात करा. त्याआधीच्या महिन्यांत फक्त दोन कामं उरकून ठेवा: वाडीत कोणाकडे झाडं आहेत याची यादी, आणि कोण अजून घरी आमसुलं करतं याची यादी. या दोन याद्या पुष्कळदा जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हाच तुमचा पहिला प्रश्न. झाडं असून फळं नुसती गळून जात असतील तर त्यामागे माणूसबळ, भाव, वाटण्या यांची काहीतरी गोष्ट असते.

२. विचारायला रिकाम्या हाताने नाही, रिकाम्या वेळेने जा

मुलाखत हा शब्द घरी गेल्यावर विसरा. काकू पाटावर बसून रातांबे फोडत असतील तर तुम्हीही बसा आणि फोडायला लागा. हात चालू असले की माणसं बोलतात. मोबाईलवर आवाज टिपायचा असेल तर आधी सरळ विचारा: "काकू, तुम्ही सांगताय ते रेकॉर्ड करू का? पुस्तिकेत तुमचं नाव घातलं तर चालेल ना?" नको म्हणाल्या तर नको. फोटोचंही तसंच.

'पूर्वी कसं होतं?' असं विचारलंत तर 'सगळं चांगलं होतं' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. मीठ किती, आणि अंदाज कशाने घेता? आमसूल वाळलं हे कसं ओळखता? हे तुम्हाला कोणी शिकवलं? बिया कोण घेऊन जातं? पैसे कोणाच्या हातात येतात? शेवटचा प्रश्न जरा ओळख झाल्यावरच विचारा, पण गाळू नका. बोलणं मालवणीत झालं तर मालवणीतच उतरवून घ्या. प्रमाण मराठीत 'सुधारून' घेतलंत की त्या बाईचा आवाज जातो, आणि हा प्रकल्प त्या आवाजासाठीच आहे.

३. एक प्रक्रिया पूर्ण बघा, मोजून

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमसुलं कशी होतात ते पहिल्या फळापासून डबा भरेपर्यंत स्वतः बघा.

लालजांभळं, पिकलेलं फळ धुऊन फोडतात. आतला गर बियांसकट एका भांड्यात, साल वेगळी. गरात मीठ घातलं की रस सुटतो. साली उन्हात पसरतात, मग त्या या रसात बुडवून पुन्हा वाळवतात. याला पुट देणं म्हणतात. असे पुट काही दिवस चालतात, आणि दर पुटाला साल काळपट, मऊ आणि चकचकीत होत जाते. कोणाच्या घरी पुट जास्त, कोणाच्या घरी कमी, आणि प्रत्येकीला आपलंच प्रमाण बरोबर वाटतं. दोन-तीन घरांची प्रमाणं शेजारी शेजारी मांडा, एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवू नका.

जवळ वजनकाटा आणि वही असू द्या. पाच किलो रातांबे घ्या. साल किती निघाली, बिया किती, मीठ किती लागलं, किती दिवस ऊन मिळालं, शेवटी सुकं आमसूल किती हाती आलं, हे रोज संध्याकाळी लिहा. रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी एक फोटो काढा. बाजारातल्या आमसुलाच्या पाकिटामागे किती फळं आणि किती राबणं असतं, ते तुमच्या या एका तक्त्यावरून वाचणाऱ्याला कळेल.

४. ऐकलेलं पडताळून घ्या

कोकमाच्या औषधी गुणांबद्दल घरोघरी खूप ऐकायला मिळेल. पित्तावर सोलकढी घेतात, अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी लावतात, हे 'आमच्याकडे असं करतात' म्हणून लिहा. 'याने अमुक रोग बरा होतो' असं मात्र कुठेही लिहू नका. वजन कमी करण्याच्या जाहिरातींतले दावे तर अजिबात उचलू नका.

झाडाबद्दलच्या शंका कृषी खात्याच्या माणसांना किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात विचारा. फळसंशोधनाचं एक केंद्र वेंगुर्ल्यातही आहे. 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या कोकमाच्या जाती याच विद्यापीठाच्या. आधी पत्र किंवा ईमेल पाठवून वेळ घ्या आणि प्रश्न लिहून न्या. मुलं तयारी करून आली आहेत असं दिसलं की तिथली माणसं मनापासून सांगतात.

५. कलेची जोड द्या, पण उसनी नको

पुस्तिका किंवा प्रदर्शन म्हटलं की चित्रं लागतातच. इंटरनेटवरची 'वारली पद्धतीची' नक्षी उचलून चिकटवू नका. ती कला पालघर-डहाणूकडची आहे. आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आहे, आणि तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, रंगवणारे आणि लाखकाम करणारे हात आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडून रातांब्याचं एक चित्र करून घेता आलं तर फार सुंदर होईल. त्याचे पैसे द्या, नाव ठळक छापा. पैसे जमणार नसतील तर त्यांची शैली उचलू नका, आपल्या हाताने साधी रेखाचित्रं काढा. फोडलेल्या रातांब्याचं मुलाने काढलेलं ओबडधोबड चित्रसुद्धा उसन्या नक्षीपेक्षा शोभतं.

६. पुस्तिका आणि मांडणी

सोळा पानं पुरेत. झाड, हंगाम, प्रक्रिया, तुमचा वजनांचा तक्ता, सांगणाऱ्यांची बोलणी, दोन-तीन घरांच्या सोलकढ्या आणि तिवळ, म्हणजे नारळाशिवायचं कोकमाचं सार. प्रस्तावनेत मान्यवरांचे संदेश छापून पानं वाया घालवू नका.

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये केलंत तर पालक येतील, आठवडा बाजाराच्या दिवशी केलंत तर गाव येईल. जत्रेत जागा हवी असेल तर देवस्थानच्या मानकऱ्यांना आधी भेटा. मात्र आमच्याकडच्या जत्रा थंडीत येतात, तेव्हा ताजे रातांबे नसतील. मेमध्ये काढलेले फोटो, वाळवलेल्या बिया, मुठेलाचे गोळे आणि प्रत्येक पुटाचं एकेक आमसूल बरणीत राखून ठेवा. ओळीने मांडलेल्या त्या बरण्यांपुढे लोक थांबतात, वास घेतात आणि आपल्या घरच्या पद्धतीबद्दल बोलायला लागतात. तिथे एक वही ठेवा आणि त्यांना लिहू द्या. पुढच्या आवृत्तीचा अर्धा मजकूर त्यातच मिळेल.

७. विकायचं असेल तर

पुस्तिकेसोबत आमसुलं विकावीशी वाटणं साहजिक आहे. मात्र खाद्यपदार्थ विकायला अन्नसुरक्षेच्या कायद्याखालची एफएसएसएआय नोंदणी लागते. तुम्ही अठरा वर्षांखालचे असाल तर घरातल्या मोठ्यांच्या किंवा वाडीतल्या बचत गटाच्या नोंदणीवरच विक्री करा. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि वापराची मुदत, किंमत, करणाऱ्याचं नाव-पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण आणि नोंदणी क्रमांक हवा.

भौगोलिक मानांकनाचं बोधचिन्ह आपल्या मनाने छापू नका. नाव जिल्ह्याचं असलं तरी ते चिन्ह चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनाच वापरता येतं. तुमच्या गावात असा कोणी शेतकरी असेल तर त्याचाच माल घ्या आणि त्याचं नाव सांगून विका.

८. सांगणाऱ्यांना परत द्या

छापलेली पहिली प्रत ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी न्या, आणि त्यांचं पान त्यांना वाचून दाखवा. वाचायची सवय नसलेल्या आजींना त्यांचंच रेकॉर्डिंग ऐकवा. काही चुकलं असेल तर त्या तिथेच सांगतात. म्हणून सगळ्या प्रती एकदम छापू नका, आधी मोजक्याच काढा. एक प्रत शाळेला, एक ग्रामपंचायतीला, एक तालुक्याच्या वाचनालयाला. चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्स या सगळ्यांसाठी खुल्या फोटोंच्या संकेतस्थळावर चढवलेत तर मराठी विकिपीडियावर कोकमाचं पान लिहिणाऱ्याला ते वापरता येतील. मात्र तिथे चढवलेला फोटो कोणीही वापरू शकतो, तेव्हा माणसांचे चेहरे असलेले फोटो त्यांच्या वेगळ्या परवानगीशिवाय टाकू नका.

९. दुसऱ्या वर्षी झाड लावा

कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून आलेल्या रोपांपैकी जवळपास निम्मी नर निघतात, आणि हे कळायला सहा-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं पाणी घातल्यावर झाडाला फळच नाही, असं पुष्कळांचं होतं. म्हणून शाळेच्या आवारात किंवा देवळाच्या परड्यात लावायचं असेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून मादी झाडाचं कलम आणा, आणि आसपास नर झाड आहे ना ते बघा. लागवड जूनच्या पहिल्या पावसानंतर करायची, तर कलमांची मागणी उन्हाळ्यातच नोंदवून ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर गेलात तर चांगली कलमं संपलेली असतात.