पावसाळी मुक्कामाला दोरी कोणती न्यावी

सह्याद्रीत पावसात मुक्काम करायचा असेल तर दोरीची ताकद नंतर बघा, आधी ती भिजल्यावर कशी वागते ते बघा. नायलॉन पाणी पितं आणि ताणलं जातं. संध्याकाळी ताठ बांधलेल्या ताडपत्रीला मध्यरात्री झोळ पडतो, झोळात पाणी साचतं, ते याचमुळे. ताणाच्या दोऱ्या पॉलिस्टरच्याच घ्या, उन्हातही त्या जास्त टिकतात. तीन बाय चार मीटरच्या ताडपत्रीला मधली आडवी दोरी ४ मिमीची, १० मीटर लांब. कोपऱ्यांना अडीच-तीन मिमीचे तीन-तीन मीटरचे चार तुकडे पुरतात.

पॅराकॉर्ड, म्हणजे मूळची पॅराशूटसाठीची बारीक दोरी, नायलॉनचीच असते. तिच्या नावातला ५५० हा आकडा पौंडांतल्या ताकदीचा, म्हणजे साधारण २५० किलो, तोही सरळ ओढीचा. गाठ मारली की ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने घटते. विकत घेताना टोक उसवून बघा: आत सात बारीक दोऱ्या हव्यात आणि प्रत्येक दोरी दोन-तीन पदरांची हवी. आत नुसता पिंजलेला धागा भरलेला दिसला तर घेऊ नका. या आतल्या दोऱ्या फाटलेली सॅक शिवायला फार कामाच्या. कापलेलं टोक लायटरने वितळवा, पण बोटाने दाबू नका. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटून भाजतं.

हार्डवेअरच्या दुकानातली रंगीत प्लॅस्टिकची दोरी पाण्यावर तरंगते, त्यामुळे गडावरच्या टाक्यातून पाणी शेंदायला चांगली. तिची गाठ मात्र सुटते. उन्हाने तिचे तंतू तुटून हाताला टोचायला लागले की ती बाद समजा.

माणसाचं वजन यांतल्या एकाही दोरीवर टाकायचं नाही, अगदी दहा फुटांच्या टप्प्यावरही नाही. चढाईला ईएन ८९२ (युरोपीय मानक) छापलेला डायनॅमिक, म्हणजे झटका बसला की ताणला जाणारा रोप आणि रॅपलिंगला, म्हणजे दोरीवरून खाली उतरायला, ईएन १८९१ चा स्टॅटिक, म्हणजे कमी ताणला जाणारा रोपच हवा.

दोरी संपलीच तर बांधावरचं घायपात आहे. पान दगडावर ठेचा, गर खरवडून काढा. रसाने खाज सुटते, हाताला फडकं गुंडाळा. उरलेला वाख, म्हणजे पानातले धागे, धुऊन वाळवा. दोन पदर घेऊन प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्या आणि एकमेकांवर डावीकडे वळा, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. पदर संपत आला की चार बोटं आधीच नवा वाख मिसळा. दोन्ही पदरांचे जोड एकाच जागी आले तर दोरी तिथेच तुटते.