इंग्लिश फ्रेज जमत नाहीत? आधी मराठी वाक्य उलटं करून बघा

फ्रेज म्हणजे काय, तर शब्दांचा असा घोळका ज्यात कर्ता-क्रियापदाची पूर्ण जोडी नसते पण वाक्यात तो एकाच शब्दासारखं काम करतो. व्याख्या एवढीच बास.

आपली खरी गोची होते ती जागेवरून. 'टेबलावर' मधला वर आपण शेवटी चिकटवतो, इंग्लिशमधे तोच सुरुवातीला येतो, ऑन द टेबल, ही झाली प्रीपोझिशनल फ्रेज, आणि हे सगळ्यांना जमतं. पण 'खिडकीजवळ बसलेली मुलगी माझी बहीण आहे' इथे माणूस अडकतो, कारण आपण कितीही लांब वर्णन असलं तरी ते नामाच्या आधी लावतो आणि इंग्लिशमधे असं लांबलचक वर्णन नामानंतर येतं. द गर्ल सिटिंग निअर द विंडो इज माय सिस्टर. 'अ टॉल गर्ल' सारखं एका शब्दाचं असेल तर आधीच ठेवा.

नाउन फ्रेजमधे, म्हणजे नामाचं काम करणाऱ्या घोळक्यात, मुख्य शब्द पकडा. द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी, इथे आर नको, कारण गोष्ट पेटीची चाललीये, आंबे कितीका असेनात.

'आणायला', 'भेटायला' असं हेतू सांगणारं आलं की टू लावा: आय वेंट टू बाय व्हेजिटेबल्स. आपल्याकडे सर्रास 'फॉर बाइंग' म्हणतात, ते नको. 'नदीत पोहणं' मात्र स्विमिंग इन द रिव्हर, ही जेरंड फ्रेज, म्हणजे क्रियापदाला आयएनजी लावून त्याचं नाम केलेलं. आणि एक त्रासदायक अपवाद, लुकिंग फॉरवर्ड टू नंतर 'मीट यू' नाही, 'मीटिंग यू'.

आता सगळ्यात फसवं प्रकरण. 'रस्त्याने चालताना मला कुत्रा चावला' हे मराठीत एकदम ठीक, चालत कोण होतं ते कळतं. पण 'वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी' लिहिलंत की चालणारा कुत्रा झाला! कारण इंग्लिशमधे आयएनजीवाली फ्रेज सुरुवातीला टाकली की कॉमानंतर जो कर्ता येतो त्यालाच ती लागू होते. म्हणून कॉमानंतर आय आणा: वॉकिंग डाउन द रोड, आय गॉट बिटन बाय अ डॉग. मी स्वतः किती वर्षं 'आफ्टर रीचिंग होम, माय मदर मेड टी' असं लिहायचो, आणि इंग्लिशच्या हिशोबाने घरी पोचायची ती आईच, मी आपला अजून बसमधेच.