पवईच्या पाण्यातला अमीबा: आधी क्लोन, मग डीएनए

अकँथामीबा हा पाण्या-मातीत राहणारा एकपेशीय जीव. त्याच्या जनुकीय फरकांच्या कामात बहुतेक घोळ पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढताना) होत नाही, त्याआधी अमीबा वाढवतो त्या अगारच्या प्लेटवर होतो. एका प्लेटवर दोन जाती नांदत असतील, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

पवई तलावाच्या काठचं 500 मिली पाणी निर्जंतुक बाटलीत घ्या, बर्फात ठेवू नका. 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. पावसाळ्यात पाणी इतकं गढूळ असतं की फिल्टर लगेच तुंबतो. मग 100-100 मिलीचे भाग करून वेगवेगळे फिल्टर वापरा. गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी गाळलंत, तर सिस्टही (अमीबाचं भिंत असलेलं सुप्त रूप) गाळातच राहतात. आरेतल्या मातीसाठी चिमूटभर माती प्लेटच्या मधोमध ठेवली की पुरे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून नमुना हवा असेल, तर आधी वनखात्याची परवानगी काढा.

प्लेट पोषणद्रव्यं नसलेल्या 1.5 टक्के अगारची. अगार पेजच्या सलाइनमध्ये उकळायचा: एक लिटरला मीठ 120 मिग्रॅ, मॅग्नेशियम सल्फेट 4, कॅल्शियम क्लोराइड 4, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 142, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 136. त्यावर 60 अंशांवर तासभर मारलेल्या ई. कोलाय जीवाणूंचा (अमीबाचं खाद्य) पातळ थर. फिल्टर पालथा ठेवा, कडा पॅराफिल्मने बंद करा (मुंबईच्या दमट हवेत बुरशीला तेवढी फटही पुरते) आणि 30 अंशांवर ठेवा.

रोज प्लेट उलटी करून, झाकण न काढता, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. अमीबा जीवाणू खात पुढे सरकतात. त्या आघाडीवरचा, बुरशीपासून लांबचा, 5 मिमीचा तुकडा कापून नव्या प्लेटवर पालथा घाला. असं तीन-चार वेळा. आठवड्याभरात दुहेरी भिंतीचे, आतून कोनदार सिस्ट दिसतील. आता एकच सिस्ट उचलून वेगळा वाढवा, हाच क्लोन. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

डीएनए शक्यतो सिस्ट व्हायच्या आत, ट्रोफोझोइट (खाणारं, हलणारं रूप) असताना काढा. सिस्टची भिंत सेल्युलोजची आणि चिवट असते. मातीतल्या ह्युमिक आम्लामुळे पीसीआर अडला, तर डीएनए दहापट पातळ करून पाहा. प्रकार ओळखायला वापरतात त्या 18एस आरआरएनए जनुकासाठी जेडीपी1 आणि जेडीपी2 प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) वापरा. वाढलेल्या तुकड्याचा पट्टा 423 ते 551 बेस जोड्यांचा येतो. बाहेरचा डीएनए मिसळला का ते कळायला डीएनएविना एक नळी प्रत्येक वेळी चालवाच. जनुकप्रकार टी1, टी2 असे मोजतात. त्यांची मूळ सीमा पूर्ण जनुकातल्या 5 टक्के फरकावर बेतलेली आहे, त्यामुळे एवढ्या छोट्या पट्ट्यावरून नवा प्रकार जाहीर करू नका. बहुतेक वेळा टी4 निघेल.

सीक्वेन्सच्या (डीएनएतल्या अक्षरांच्या क्रमाच्या) आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली, तर मिश्र वाढीचा संशय घ्या. पण पुन्हा क्लोन करूनही ती तशीच राहिली, तर त्या एकाच अमीबाच्या 18एसच्या अनेक प्रतींमध्येच फरक आहे.

काँटॅक्ट लेन्स लावून हे काम करू नका. याच अमीबामुळे डोळ्याच्या पारपटलाला संसर्ग होतो. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर घालूनच टाका. क्लोरीनच्या पाण्याला सिस्ट दाद देत नाहीत.