आंघोळीनंतर अंग लाल होतं? ट्यूब मागण्याआधी या चुका टाळा

थंडी पडली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर सकाळी ठरलेली गिऱ्हाइकं सुरू होतात. मोबाईलवर पाठीचा नाहीतर छातीचा फोटो, त्यात लालेलाल पट्टे आणि प्रश्न एकच, "यावर काय लावू?" फोटो आंघोळ झाल्या झाल्या बाथरूमच्या दारातच काढलेला असतो. मी म्हणतो, आत्ता दाखवा. कॉलर बाजूला करून बघतात तर काहीच नसतं.

कढत पाणी अंगावर पडलं की शरीर आतली उष्णता बाहेर टाकायला लागतं. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे जास्त रक्त येतं, म्हणून लाली. बोटाने दाबलं की जागा फिकी पडते, बोट काढलं की पुन्हा भरते. पंख्याखाली स्वस्थ बसलं तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात सगळं ओसरतं. गोऱ्या माणसाचं लगेच दिसतं. सावळ्या अंगावर लाली कळतच नाही, कातडी जरा गडद, जांभळट वाटते आणि हाताला गरम लागते. त्यामुळे "आम्हाला कुठली लाली" म्हणत चटका अंगावर काढणारेही मी बरेच बघतो.

या लालीला माझ्याकडे औषध नाही, कारण हा आजारच नाही. पण लाली आपणहून जायच्या आत लोक तिच्यावर जे प्रयोग करतात, त्यातले निम्मे नंतर खऱ्या औषधाची वेळ आणतात.

लाल दिसलं की ट्यूब

ही माझी सगळ्यात नावडती चूक. "ती निळ्या पाकिटातली द्या, मागच्या वेळी एका दिवसात गेलं होतं." अहो, एका दिवसात जाणारच होतं ते, तासाभरात गेलं होतं! श्रेय मात्र ट्यूबला.

या ट्यूबमध्ये असतं काय? बहुतेक वेळा स्टेरॉइड: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन. योग्य आजारावर, योग्य दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावली तर उत्तम औषधं आहेत. पण तोंडाला क्रीमसारखी चोपडायला सुरुवात केली की संपलं.

एका शाळेतल्या बाई सनस्क्रीन घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, मला गिझरचं पाणी सोसतच नाही. आंघोळ झाली की तोंड पेटतं. आता तर पोळ्या करतानासुद्धा पेटायला लागलंय." गिझर सोडून झाला होता, साबण बदलून झाले होते, डाळीचं पीठ लावून झालं होतं, सोसायटीच्या टाकीवर संशय घेऊन झाला होता. गालांवर बारीक लाल रेषांचं जाळं आणि कानशिलाजवळ नको तेवढी लव. रात्री तोंडाला काय लावता, असं विचारल्यावर पर्समधून एक ट्यूब निघाली, बुडापासून गुंडाळत आणलेली. दिरांच्या लग्नाआधी पार्लरमध्ये कुणीतरी सुचवली होती, उजळ दिसण्यासाठी. मागे बारीक अक्षरांत मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन.

पहिला महिनाभर अशा ट्यूबने चेहरा खरंच उजळतो, म्हणून तर ती हातोहात खपते. मग कातडी पातळ होत जाते, खालच्या रक्तवाहिन्या वर दिसायला लागतात आणि जरा ऊब लागली की चेहरा लालबुंद. बाईंनी मध्ये एकदा आपल्या मनाने ट्यूब बंद करून पाहिली होती. थोड्याच दिवसांत तोंड सुजलं, आग व्हायला लागली, घाबरून परत सुरू केली. माणूस अडकतो तो इथेच. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या आणि सुटल्या, पण त्यात कित्येक महिने गेले. गिझर बिचारा निर्दोष होता.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बंद. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना त्याच्याही आधीपासून ओरडते आहे. तरी मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जातं आणि तिथे त्याला मिळते. आमच्याच धंद्यातली माणसं आहेत ही, काय बोलणार.

जांघेतली किंवा कमरेची लाली आंघोळीनंतर जास्त खाजत असेल, कडा उठलेली, गोल आणि मधली जागा साफ असेल, तर तो नायटा. त्यावर स्टेरॉइडची मिक्स ट्यूब लावली की खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा गुपचूप पसरत राहतो.

कढत पाण्याचा हट्ट

"वाफा निघाल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही." बरं. अंगाचं तापमान 37 अंश, आंघोळीला 38 ते 40 पुष्कळ झालं. गिझरचा काटा मात्र 60 च्या पुढे. 60 अंशांचं पाणी थेट अंगावर पडलं तर पाचेक सेकंदांत खोल भाजतं, मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याहून लवकर. 49 अंशांना त्याच कामाला काही मिनिटं लागतात. माझ्या घरी काटा पन्नासच्या आसपास असतो. बादलीत आधी गार पाणी आणि वरून गरम, ही माझी सवय. आधी कढत ओतून विसण घालायला वळायचं आणि तेवढ्यात पोराने बादलीत हात घालायचा, ही गोष्ट दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात घडते.

पाणी किती गरम आहे हे कुणी ठरवायचं, हाही प्रश्नच आहे. आमच्या गल्लीतले एक काका, जुना मधुमेह. थंडीत पाय गार पडतात म्हणून रोज रात्री टबात कढत मीठपाणी घेऊन पाय सोडून बसायचे, समोर टीव्ही. पायाला काही जाणवायचं नाही, म्हणून म्हणायचे, कोमट आहे. एका सकाळी चिरंजीव दुकानात: "बाबांचे पाय लाल झालेत, थंडावा देणारं काहीतरी द्या." मी जाऊन बघितलं. घोट्याच्या वर, पाणी जिथपर्यंत पोचलं होतं तिथे, मोज्याची असावी तशी सरळ रेघ. खाली लालभडक, आणि अंगठ्याजवळ फोड धरलेला. काका निवांत चहा पीत होते, कारण दुखतच नव्हतं! मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. ज्याच्या पायाला कळत नाही, त्याने पायाने पाणी बघायचं नाही. हातानेही नको, कोपराने. खरं तर असे पाय गरम पाण्यात सोडूच नयेत. तो फोड जखम होऊन बरेच दिवस चालला. मीठपाणी अजून घरोघरी चालू आहे.

बाळाच्या बाबतीतही कोपरच. आजीच्या हाताला तव्याची सवय झालेली असते, तिच्या हाताला कोमट ते बाळाला चटका. "कसा लालबुंद झालाय, रक्त खेळलं अंगात" हे कौतुक आता पुरे. त्या अंगावर कातडी केवढीशी असते! आजीला दुखवायचं नसेल तर मालिश त्यांना करू द्या, विसण तुम्ही घाला.

बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, पोटावर तासन् तास ठेवलेली गरम पाण्याची पिशवी, मांडीवरचा लॅपटॉप: यांनी येणारी लाली वेगळी. सुरुवातीला ती जाते. रोज तोच शेक बसत राहिला की जाळीसारखी नक्षी उठते आणि पुढे तपकिरी होऊन कायमची राहू शकते. जाळी दिसली की शेक बंद, त्यात वाटाघाटी नाहीत.

बारीकसारीक पण रोजच्या

लाल झालं म्हणून काथ्याने किंवा घासणीने अजून घासायचं, हा न्याय मला कधी कळलेला नाही.

बर्फ थेट चोळू नका. साधं पाणी आणि पंखा पुरतो.

लिंबू, टूथपेस्ट, दिवाळीतलं उरलेलं उटणं: काहीही नको.

टॉवेल टिपायचा असतो, खसाखसा ओढायचा नसतो. अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. कोरडी पडलेली कातडी गरम पाण्याने जास्त चिडते आणि आपण ओरडतो मात्र साबणाच्या नावाने.

मोहरीएवढ्या बारीक गांधी उठत असतील, खाज सुटत असेल आणि हेच जिना चढल्यावर किंवा तिखट खाल्ल्यावरही होत असेल, तर ती अंग तापल्याने येणारी पित्ताची गांधी. आमसुलाचं पाणी लावायला माझी हरकत नाही, ओरबाडलेल्या जागी तेवढं लावू नका, झोंबेल. वारंवार होत असेल तर डॉक्टर. ॲलर्जीची सेटिरिझिन गोळी मनानेच घेऊन लगेच स्कूटर काढू नका, झोप येते. गांधींबरोबर ओठ सुजले, दम लागला किंवा भोवळ आली, तर सरळ दवाखाना गाठा.

कढत आंघोळीनंतर झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण रक्त कातडीकडे गेलेलं असतं. प्रेशरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आधी पाटावर बसून अंग पुसावं. पण बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि डोकं जड, मळमळ, गरगर वाटलं, तर गरम पाण्याला दोष देत बसू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. आधी दार उघडून बाहेर या. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवूच नये, बसवणारा कितीही "काही होत नाही साहेब" म्हणाला तरी.

फोटोतले लाल ठिपके दाबल्यावर फिके पडत नसतील आणि ताप असेल, तर मी काहीच देत नाही, त्याच पावली डॉक्टरांकडे पाठवतो. लाली दुसऱ्या दिवशीही तशीच असेल किंवा फोड आला असेल, तर तेव्हाही.

आणि उलटा प्रकार: अंगावर काहीच दिसत नाही, पण पाणी लागलं की, विशेषतः कढत आंघोळीनंतर, कातडीखाली सुया टोचल्यासारखी खाज. घरचे म्हणतात, नखरे. बहुतेकदा कोरडी कातडीच निघते. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे नव्याने सुरू झालं, तर डॉक्टरांना विचारून साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी, करून घ्या. रक्तातल्या लाल पेशी वाढण्याच्या एका आजारात अशी खाज येते, आणि तो त्या रिपोर्टात सापडू शकतो.